ज्याचं जळतं त्यालाच कळतं: वजनाची शस्त्रक्रिया आणि सोबत्यांची गोष्ट



इथे आपण भोपाळच्या मराठी घरांच्या आठवणी लिहितो. टी. टी. नगरची सरकारी क्वार्टर्स, भेलचे गणपती, न्यू मार्केटची खरेदी, सगळ्यावर कुणी ना कुणी छान लिहिलंय. आज मी जरा वेगळा विषय घेतोय. आपल्या घरांत तो आहे, पण त्यावर बोलणं नाही. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया, आणि ती झालेल्या माणसांनी एकमेकांना दिलेला आधार. आमच्या सौ.ची ही शस्त्रक्रिया २०१३ साली झाली. तिची परवानगी घेऊनच लिहितोय. मजकूर तिनं आधी वाचला आणि दोन ठिकाणी काट मारली, ती मी मान्य केली आहे.

सुरुवात जरा मागून करतो. १ नोव्हेंबर १९५६ ला नवं मध्य प्रदेश झालं आणि भोपाळ राजधानी झाली. नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरहून सरकारी नोकरीतली मराठी माणसं इथे आली. पाठोपाठ हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना उभा राहिला, आणखी घरं आली. वडिलांच्या पिढीनं सायकलवर ऑफिस गाठलं. आमच्या पिढीकडे स्कूटर आली, मग मारुती आली. खाणं मात्र दोन्हीकडचं जमा होत गेलं. घरचे लाडू-चकल्या होत्याच, त्यात सकाळचे पोहे-जिलबी, पावसाळ्यात दाल-बाफले आणि लग्नसराईतला मावा-बाटी यांची भर पडली. 'खात्यापित्या घरचा' हा शब्द तेव्हा कौतुकाचा होता. अंगानं भरलेली सून म्हणजे घराची शोभा. शुगर आणि बीपी हे शब्द घरात शिरले ते नंतर, साधारण आमच्या चाळिशीत.

यामागचं एक कारण पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी फार सोप्या पद्धतीनं दाखवून दिलं. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! म्हणजे आपला माणूस बारीक दिसला तरी आतून चरबीचा असू शकतो. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त आणि २५ च्या वर गेला की लठ्ठपणा, असे पाश्चात्यांपेक्षा खालचे आकडे धरतात. (वजन किलोत घ्या आणि मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागा, की बीएमआय निघतो. आमच्या कॉमर्सवाल्यांना हे गणित जमण्यासारखं आहे.)

आता शस्त्रक्रियेचा इतिहास थोडक्यात. १९५४ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात क्रेमेन आणि लिनर यांनी लहान आतड्याचा बराचसा भाग वगळून अन्न पुढे नेण्याची पद्धत मांडली. वजन उतरायचं, पण पुढे अनेकांची यकृतं बिघडली आणि ती पद्धत सोडून द्यावी लागली. मग आयोवा विद्यापीठातले डॉ. एडवर्ड मेसन पुढे आले. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या बायकांचं वजन नंतर वाढत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यावरून त्यांनी आणि डॉ. इटो यांनी १९६७ च्या सुमारास गॅस्ट्रिक बायपास आणला. १९९० च्या दशकात हे काम दुर्बिणीतून होऊ लागलं, पोटावर मोठी चीर देण्याची गरज उरली नाही. सध्या सगळ्यात जास्त होते ती 'स्लीव्ह'. तीत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश ते ऐंशी टक्के भाग काढून केळ्यासारखी नळी ठेवतात. भूक वाढवणारं घ्रेलिन नावाचं द्रव्य मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतं, त्यामुळे सुरुवातीला भूकही मंदावते.

फायदा होतो का? स्वीडनमध्ये १९८७ पासून ४०४७ लोकांवर चाललेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २००७ मध्ये आला. सरासरी जवळजवळ अकरा वर्षांत शस्त्रक्रिया झालेल्यांमधलं मृत्यूचं प्रमाण न झालेल्यांपेक्षा २९ टक्क्यांनी कमी होतं. तेव्हा ही काही नटनट्यांची हौस नाही, हे आधी आपण मनातून काढून टाकलं पाहिजे.

१९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं ही शस्त्रक्रिया कुणावर करावी याचे निकष ठरवले. बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत गंभीर आजार. २०२२ मध्ये जागतिक संघटनांनी हे आकडे आणखी खाली आणले. त्या १९९१ च्या निवेदनात आणखी एक गोष्ट होती. शल्यविशारद एकटा पुरेसा नाही, आहार आणि मन यांची माहिती असणारे लोक हवेत आणि रुग्णावर आयुष्यभर लक्ष हवं. म्हणजे ऑपरेशन दोन तासांचं, पण खातं जन्मभर चालू ठेवायचं.

आता आमच्या घरचं. २०१३ मध्ये सौ.चं वजन ११२ किलो, उंची १५५ सेंटिमीटर. बीएमआय ४६ च्या वर. इन्सुलिन चालू, गुडघे गेलेले, रात्री झोपेत श्वास अडकायचा. मी रात्री जागून तिचा श्वास मोजत असे. शस्त्रक्रिया दुसऱ्या शहरात झाली. विमा कंपनीनं दावा नाकारला, कारण लठ्ठपणाचे उपचार तेव्हा पॉलिसीत बसत नव्हते. मुदत ठेव मोडली. ऑपरेशन उत्तम झालं. घरी येताना हातात दोन पानं दिली. पहिले काही दिवस पातळ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, मग नेहमीचं. रोज साठ ग्रॅमच्या वर प्रथिनं. बी-१२, लोह, कॅल्शियम कायमचं. एवढंच.

पण खरे प्रश्न त्या दोन पानांत नव्हते. शाकाहारी माणसानं दोन चमचे पोटात साठ ग्रॅम प्रथिनं कशी बसवायची? तिसऱ्या महिन्यात केस मुठीनं गळायला लागले, ते थांबणार की नाही? जावेकडच्या डोहाळजेवणाला जायचं तर पानात वाढलेलं कसं टाळायचं? आपल्याकडे आग्रह म्हणजे प्रेम. 'माझ्यासाठी एक घास' म्हणणाऱ्या मावशींना नाही म्हटलं की त्या रुसतात, हो म्हटलं की ही बाथरूममध्ये जाऊन उलटी करते. मी शेजारी बसून होतो, पण मला यातलं काय कळणार? मी आपला पानावरचं सगळं संपवणारा माणूस.

मग एक दिवस फोन आला. बैरागढच्या एक सिंधी भाभी, त्यांची शस्त्रक्रिया दीड वर्षापूर्वी झालेली. ओळखीतून त्यांना सौ.चा नंबर मिळाला होता. पहिलंच वाक्य, 'दीदी, बाल झड़ रहे हैं ना? छह-आठ महीने में वापस आएंगे, घबराना मत.' सौ. फोनवरच रडली. दोन महिन्यांत इतकं कुणी तिला समजून घेतलं नव्हतं, अगदी मी धरून. भाभींनी सांगितलं ते असं. बाळाची वाटी-चमचा वापरायचा. जेवण आणि पाणी यांत अर्ध्या तासाचं अंतर ठेवायचं. ताटात आधी पनीर, डाळ, सोया, मग बाकीचं. ताकात सत्तू चालतं. आणि लग्नात जायचं तर घरून खाऊन जायचं, हातात ताकाचा ग्लास धरून फिरायचं. ग्लास हातात दिसला की कुणी आग्रह करत नाही! ही अक्कल कुठल्याही पुस्तकात मिळाली नसती.

त्या दोघींचे चार झाले, चाराचे अकरा. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्या अरेरा कॉलनीतल्या घरी बैठक होऊ लागली. भेलमधून निवृत्त झालेले एक फोरमन, एक शिक्षिका, जुन्या शहरातल्या एक आपा, एक कॉलेजातली मुलगी. गटाला नाव दिलं नाही, आजही नाही.

मला यात एक ओळखीची गोष्ट दिसली. १९९२ मध्ये नाबार्डनं ५०० गटांपासून बचत गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला, तेव्हा मी सीहोर भागातल्या शाखेत होतो. तारण नसलेल्या बायकांना कर्ज कसं द्यायचं म्हणून वरिष्ठ धास्तावले होते. पण पाच सूत्रं होती. नियमित बैठक, नियमित बचत, आपसात कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब. ही पाळणाऱ्या गटांचं कर्ज बुडत नसे, कारण शेजारणीला तोंड दाखवायचं असतं. आणि एखादीची खरंच अडचण असली तर तीही शेजारणीलाच आधी कळायची, बँकेला नंतर. मी आमच्या रविवारच्या मंडळींना तसंच एक रजिस्टर करून दिलं. वजन, प्रथिनं, गोळ्या, पुढची रक्ततपासणी, असे चार रकाने. वजनाचा रकाना ज्याला नको त्यानं रिकामा ठेवायचा. गोळ्यांचा मात्र भरायचाच. पुढे असं दिसलं की वजनाचा रकाना रिकामा राहायला लागला की त्या माणसाला फोन करायची वेळ झालेली असते.

सोबत्यांच्या आधाराची ही कल्पना जुनीच आहे. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन गावी बिल विल्सन हा शेअरदलाल आणि बॉब स्मिथ हा डॉक्टर, दोघेही दारूनं गांजलेले, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस जन्मली. वजनाच्या बाबतीत न्यूयॉर्कच्या जीन निडेच यांची गोष्ट मला फार आवडते. ९७ किलो वजनाच्या या गृहिणीला सरकारी दवाखान्यातून आहाराचा तक्ता मिळाला होता, पण लपून बिस्किटं खाल्ल्याचं तिथे सांगायची सोय नव्हती. १९६१ मध्ये तिनं सहा मैत्रिणींना घरी बोलावलं आणि त्यांच्यापुढे कबुली दिली. मग प्रत्येकीनं आपापली कबुली दिली. त्यातून १९६३ मध्ये वेट वॉचर्स उभी राहिली. तक्ता तोच, दवाखान्यातला. फरक पडला तो समोर कोण बसलंय याचा.

आपल्या मराठीत याचं मोठं उदाहरण म्हणजे पुण्याचं मुक्तांगण. १९८६ मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या मदतीनं डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ते सुरू केलं. तिथे काम करणाऱ्यांत स्वतः व्यसनातून बाहेर पडलेली माणसं कितीतरी. व्यसनी माणसांच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गटही त्यांनी चालवला. मला हे फार पटतं, कारण घरच्या माणसालाही बोलायला कुणीतरी लागतं. आमच्याकडे स्वयंपाकघरात बैठक भरली की पुढच्या खोलीत आम्ही तीन-चार नवरे आणि एक सासूबाई असायचो. तीही बैठकच होती.

आणि भोपाळकरांना हे वेगळं सांगायला नको. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीनंतर या शहरानं काय पाहिलं ते आपण जाणतो. त्यानंतर अब्दुल जब्बार यांच्या संघटनेच्या बायका वर्षानुवर्षं दर शनिवारी यादगार-ए-शाहजहानी पार्कमध्ये जमत राहिल्या. कोर्टाची तारीख, भरपाईचा कागद, श्वासाचा त्रास, सगळं तिथे एकमेकींना कळायचं. जब्बारभाई २०१९ मध्ये गेले, पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. ती आपत्ती आणि आमचा प्रश्न यांची तुलना मी करत नाही, ती होऊच शकत नाही. पण सारखं दुखणं असलेली माणसं ठरल्या वारी एकत्र बसली तर काय टिकून राहतं, हे याच गावात पाहायला मिळालं.

आता यातली काळजीची बाजू. शस्त्रक्रियेनंतर सगळं गोड होतं असं नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या वर्षी दारूच्या समस्येचं प्रमाण वाढतं, विशेषतः बायपासनंतर. दारू रक्तात लवकर चढते हे एक कारण. कॅनडातल्या ओंटारियोत ८८१५ रुग्णांच्या नोंदी पाहिल्या, तर स्वतःला इजा करून घेऊन तातडीच्या विभागात येण्याचं प्रमाण शस्त्रक्रियेनंतर सुमारे दीडपट झालेलं आढळलं. अन्न हा ज्यांचा आधार होता त्यांचा तो आधार गेला, आणि दुसरा दिला नाही, तर माणूस कुठे जाणार?

आमच्या अकरांत हे दोन्ही बाजूंनी अनुभवलं. त्या कॉलेजच्या मुलीला सहाव्या आठवड्यात दहा दिवस उलट्या होत होत्या. आई म्हणत होती, 'होतंच असं.' बैठकीत ती पाय मुंग्या आल्यासारखे बधिर वाटतात म्हणाली. भाभींनी ते ऐकलं आणि त्याच संध्याकाळी तिला दवाखान्यात न्यायला लावलं. सतत उलट्यांनी बी-१ जीवनसत्त्व संपतं आणि नसा, मेंदू यांना कायमची इजा होऊ शकते. इंजेक्शनं वेळेत मिळाली. आज ती मुलगी बंगळुरूला नोकरी करते. दुसरीकडे आमचे फोरमनसाहेब. दुसऱ्या वर्षी बैठकीला येणं बंद झालं, वजनाचा रकाना रिकामा, नंतर गोळ्यांचाही. त्यांच्या पत्नी मात्र एकट्या येत राहिल्या आणि पुढच्या खोलीत आमच्याबरोबर बसत राहिल्या. संध्याकाळचा पेला सुरू झाल्याचं त्यांनीच सांगितलं. वर्षभरानं साहेब व्यसनमुक्तीचे उपचार घेऊन परत आले. तोवर दारातली त्यांची खुर्ची कुणी हलवली नव्हती.

गट असला की वजन जास्त उतरतं का? अभ्यास तसं सांगतात. नियमित येणाऱ्यांचं जास्त उतरलेलं दिसतं. पण हिशेबाच्या माणसानं एक शंका घेतलीच पाहिजे. जे नियमित येतात ते मुळातच शिस्तीचे असतील, तर श्रेय गटाला द्यायचं की शिस्तीला? मला वाटतं, गटाचं मोल वजनकाट्यावर पूर्ण उतरत नाही. सौ.चं वजन ११२ वरून ७१ पर्यंत आलं, आता ७८ आहे. दोन वर्षांनंतर थोडं परत चढतंच बहुतेकांचं. ते चढायला लागलं तेव्हा ती तोंड लपवून बसली नाही, रविवारी जाऊन आकडा लिहून आली. माझ्या मते कमाई ती.

आमच्या गटाचा एक नियम पहिल्या दिवसापासून आहे. अनुभव सांगायचा, औषध सांगायचं नाही. गोळी बदलायची, बंद करायची, ऑपरेशन करायचं की नाही, हे डॉक्टरच ठरवणार. कुठल्या डॉक्टरकडे जा हेही आम्ही सांगत नाही. आणि कुणी कुणाच्या आकड्याला हसायचं नाही.

लाजेचं काय करायचं, हा प्रश्न उरतोच. २०११ मध्ये नितीन गडकरी यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली, २०१४ मध्ये अरुण जेटली यांनी दिल्लीत. बातम्या उघड छापून आल्या. त्यामुळे थोडी हिंमत आली. पण आठवा, २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या मतदानाच्या दिवशी शोभा डे यांनी एका जाड पोलिसाचा फोटो टाकून थट्टा केली. तो पोलीस मुंबईचा नव्हताच, आपल्या मध्य प्रदेशातला निरीक्षक निघाला. वजन सुमारे १८० किलो. आजारामुळे वाढलंय, खाण्यामुळे नव्हे, असं त्यांनी सांगितलं. पुढे मुंबईतच त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. त्या आठवड्यात आमच्या बैठकीत दुसरा विषय नव्हता. प्रत्येकाकडे असा एकेक न टाकलेला फोटो होता. लग्नाच्या अल्बममध्ये मुद्दाम मागच्या रांगेत उभं राहिलेला, बसमध्ये दोन सीटचे पैसे मागितलेला.

आज परिस्थिती बरीच बदलली आहे. विमा नियामकानं २०१९ मध्ये नियम एकसारखे केले. डॉक्टरांचा सल्ला, वय १८ च्या वर, आणि बीएमआय ४० किंवा ३५ व सोबत ठरावीक गंभीर आजार, अशा अटी पूर्ण झाल्या तर ही शस्त्रक्रिया आता सरसकट वगळता येत नाही. पॉलिसी काढून नीट वाचा, हे बँकवाल्याचं सांगणं. २०२५ पासून वजनाची नवी इंजेक्शनंही आपल्याकडे मिळू लागली. पण सुईनं भूक गेली तरी डोहाळजेवणातल्या मावशी तिथेच असणार आहेत.

आमच्या अकरांपैकी दोघे आता नाहीत, तिघे मुलांकडे गेले. भाभी गेल्या वर्षी पुण्याला लेकीकडे राहायला गेल्या, पण दुसऱ्या रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल येतोच. नवीन पाच जण आले आहेत, त्यांतली दोन मराठी घरांतली आहेत. दोघींनीही माहेरी अजून सांगितलेलं नाही, 'पथ्यानं उतरलं' असंच सांगतात. त्यांना कुणी घाई करत नाही.

तुमच्या घरात कुणाची ही शस्त्रक्रिया झाली असेल, तर नाव न लिहिता का होईना, तुमचा अनुभव खाली जरूर लिहा. आणि कुणाची व्हायची असेल, तर ऑपरेशनच्या आधी अशा एका माणसाला भेटा ज्याची होऊन दोन वर्षं झाली आहेत. दोन महिने नव्हे, दोन वर्षं. सौ.नं हे वाक्य तिसऱ्यांदा लिहायला लावलंय.